स्वस्तातले मड टेरेन टायर: निवड कोणत्या क्रमाने करायची

पावसाळा जवळ आला की फोर बाय फोर गाडीवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "स्वस्तात कोणते एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर) बसवू?" या प्रश्नात ब्रँड आधी येतो, माप नंतर आणि आपण गाडी कुठे चालवतो हे सगळ्यात शेवटी. घोळ इथूनच सुरू होतो. टायर फोटोत दणकट दिसला म्हणून घेतला जातो, तो मडगार्डला घासतो, मग गाडी उंच करणारे लिफ्ट किट, मग चाक बाहेर सरकवणारी स्पेसरची चकती, मग अलाइनमेंट बसेना म्हणून आणखी एक फेरी. मूळ टायरमध्ये वाचलेले पैसे या फेऱ्यांमध्ये कधीच निघून जातात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले तीन टप्पे घरी बसून, एक रुपयाही खर्च न करता होतात आणि खरी बचत तिथेच आहे.

टप्पा 1: एमटी लागतो का, ते आधी ठरवा

महिनाभर ओडोमीटरची नोंद ठेवा. डांबर किंवा काँक्रीटवर किती किलोमीटर, मुरूम-खडीच्या कच्च्या रस्त्यावर किती आणि चाक खरोखर रुतेल अशा चिखलात किती, असे तीन रकाने पुरे आहेत. शेतावर रोज जाणाऱ्या माणसाचे आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीच्या बाजूला फिरायला जाणाऱ्याचे आकडे इतके वेगळे येतात की पुढचा निर्णय जवळजवळ आपोआप होतो.

माझे मत स्पष्ट आहे. तिसरा रकाना एकूण अंतराच्या पाचव्या भागापेक्षा कमी असेल, तर ऑल टेरेन म्हणजे एटी टायर घ्या. एटी डांबरावर शांत चालतो, पावसात ब्रेक चांगला धरतो आणि जास्त टिकतो. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके या आपल्याकडच्या कंपन्यांचे एटी सहज मिळतात आणि त्यांची सेवाही जवळ असते. एमटीचे मोठे ठोकळे आणि रुंद खाचा चिखलात कामाला येतात, पण ओल्या डांबरावर त्यामुळेच रबर रस्त्याला कमी टेकते. घाटात पावसात टू-व्हील ड्राइव्हमध्ये वळण घेताना मागचा भाग सुटण्याची भीती एमटीवर जास्त असते. घरच्यांना घेऊन रोज एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्याने हा मुद्दा दोनदा वाचावा.

या दोन्हींच्या मधला आरटी, म्हणजे रग्ड टेरेन प्रकारही आता बाजारात आहे. कच्चा रस्ता भरपूर पण खोल चिखल थोडाच असेल, तर तो बघण्यासारखा आहे.

तपासा: टायरवर एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेले असले म्हणजे तो मड टेरेन झाला, असे नाही. ही खूण अनेक एटी टायरवर आणि काही साध्या टायरवरही असते. एमटी आहे की नाही, हे कंपनीच्या मॉडेलच्या नावावरून आणि नक्षीवरून ठरवा.

टप्पा 2: माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा हँडबुकमध्ये कंपनीने दिलेले माप असते. उदाहरणार्थ 245/75 आर16. यातले 245 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे रुंदीच्या 75 टक्के साइडवॉलची उंची आणि 16 म्हणजे इंचात रिमचा व्यास. टायरचा पूर्ण व्यास असा काढा: 245 चे 75 टक्के म्हणजे 183.75, त्याची दुप्पट 367.5, त्यात 16 इंच म्हणजे 406.4 मिलिमीटर मिळवा. उत्तर साधारण 774 मिलिमीटर. मनात असलेल्या मापाचाही व्यास असाच काढा आणि फरक टक्क्यांत बघा.

याच रिमवर अनेकांना 265/75 आर16 हवा असतो. त्याचा व्यास 804 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 4 टक्के जास्त. काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 83 ने पळत असेल. जिम्नीचे मूळ माप 195/80 आर15, व्यास 693. तिला 215/75 आर15 बसवला तर व्यास 703.5, फरक दीड टक्का, काही बिघडत नाही. पण 235/75 आर15 चा व्यास 733.5 येतो, म्हणजे जवळपास 6 टक्के वाढ. इतक्या वाढीनंतर छोट्या इंजिनाचा पिकअप पडतो, ॲव्हरेज घसरते आणि ब्रेकवरचा ताणही वाढतो. या सगळ्यातून ग्राउंड क्लिअरन्स किती मिळाला? व्यासातल्या वाढीच्या निम्मा, म्हणजे फक्त 20 मिलिमीटर.

माझा नियम असा: व्यासातली वाढ 3 टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे गेलात की टायरचा खर्च संपतो आणि गाडीचा सुरू होतो.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हीच भूमिका कायम ठेवली. मोठे टायर मडगार्डबाहेर आले असतील, तर अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेले माप.

2020 नंतरच्या थारचेच बघा. वरच्या व्हेरियंटला 255/65 आर18 आणि खालच्याला 245/75 आर16 हे माप आले. अठरा इंची रिमवर साइडवॉल 166 मिलिमीटरची, सोळा इंची रिमवर 184 ची. हवा कमी करून चिखलात किंवा दगडांवर चालवायची असेल, तर उंच साइडवॉल जास्त उपयोगाची, आणि एमटीचे पर्यायही 16 इंचात जास्त सापडतात. अठरा इंची अलॉय असलेल्यांनी नवे अठरा इंची एमटी शोधत बसण्यापेक्षा त्याच गाडीच्या वापरलेल्या सोळा इंची लोखंडी रिम बघाव्यात. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, अलॉय तडकते.

सावध: रुंद टायर आत घासतो म्हणून स्पेसर लावून चाक बाहेर ढकलू नका. बेअरिंगवर भार वाढतो. टायरच्या रुंदीला रिमची रुंदीही जुळायला हवी. प्रत्येक टायरसाठी कंपनी रिमच्या रुंदीची मर्यादा देते, ती दुकानदाराला विचारा.

टप्पा 3: लोड इंडेक्स आणि वेग

मापाशेजारी 112एस किंवा 104क्यू असे काहीतरी लिहिलेले असते. आकडा म्हणजे एका टायरला पेलणारे वजन: 100 म्हणजे 800 किलो, 104 म्हणजे 900, 112 म्हणजे 1120. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: क्यू 160, एस 180, टी 190 किलोमीटर. एमटी बहुतेक वेळा क्यू असतात. आपल्या रस्त्यांना ते पुरते, पण जुन्या टायरवरचे अक्षर वरच्या वेगाचे असेल, तर गाडी नव्या टायरच्या मर्यादेतच चालवायची हे पक्के करा. लोड इंडेक्स मात्र कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका, मग टायर कितीही स्वस्त मिळो.

काही एमटीवर मापाआधी एलटी (लाइट ट्रक) असते आणि दोन आकडे असतात, जसे 120/116क्यू. यातला पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. एलटी टायरची बांधणी जाड असते, साइडवॉल सहज फाटत नाही, पण टायर जड असतो आणि तेवढेच वजन पेलायला त्यात हवा थोडी जास्त लागते. दारावरच्या स्टिकरचा आकडा एलटीला जसाच्या तसा लावू नका, टायर कंपनीचा लोड-प्रेशर तक्ता मागा. रिकाम्या गाडीत एकटे फिरणाऱ्याला दहा प्लायचा, म्हणजे जास्त भारासाठी जाड बांधणीचा टायर म्हणजे फुकटचे वजन आणि आदळआपट.

टप्पा 4: माती बघून नक्षी

"एमटी म्हणजे एमटी" ही समजूत सोडा. महाराष्ट्रातच मातीचे इतके प्रकार आहेत की एका शिवारात चालणारा टायर दुसरीकडे उघडा पडतो.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडची काळी माती ओली झाली की खाचांमध्ये घट्ट बसते. एटीच्या खाचा दोन-तीन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन फिरत राहतो. पाणंदीच्या रस्त्याने रोज जा-ये असेल, तर एमटीचा खर्च इथे खरोखर वसूल होतो. ठोकळ्यांमध्ये भरपूर अंतर आणि खाचांचा तळ तिरपा किंवा पायऱ्यांचा असलेली नक्षी बघा, म्हणजे चाक फिरले की माती बाहेर फेकली जाते. ठोकळे साइडवॉलवर थोडे खाली उतरलेले असतील तर चाकोरीतून बाहेर यायला मदत होते.

कोकणातली लाल माती वेगळी वागते. वरचा थर निसरडा, खाली बऱ्याच ठिकाणी कठीण जांभा. चाक खोल जात नाही, वरच्यावर घसरते. तिथे फार आक्रमक नक्षीपेक्षा ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला टायर आणि कमी हवा यांचा उपयोग जास्त. कोकणात राहणाऱ्या बऱ्याच जणांना चांगला एटी पुरतो.

सह्याद्रीतल्या दगडी वाटा हा तिसरा प्रकार. ओल्या, शेवाळलेल्या बेसॉल्टवर कडक रबराचा स्वस्त एमटी सपशेल घसरतो. इथे साइडवॉलची ताकद आणि रबराचा मऊपणा बघायचा. टायरवर साइडवॉलच्या थरांची संख्या लिहिलेली असते, ती वाचा. धारदार दगडापुढे तीन थरांची साइडवॉल दोन थरांच्या साइडवॉलपेक्षा जास्त टिकते.

नदीपात्रातली कोरडी वाळू तुमच्या वाटेवर असेल, तर एमटी तिथे उलट खड्डा खणतो. वाळूत कमी हवा आणि अगदी हलका पाय हाच उपाय.

तपासा: नक्षी एकाच दिशेने फिरणारी आहे का? साइडवॉलवर बाण असेल, तर स्टेपनी फक्त एकाच बाजूला नीट बसेल. पहिल्यांदा घेणाऱ्याने बाण नसलेली नक्षी घ्यावी.

टप्पा 5: पैशांचा हिशेब पाचाचा

टायर चार नव्हे, पाच घ्यायचे. थार, जिम्नी, गुरखा यांच्या फोर बाय फोर यंत्रणेत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना थेट जोडले जातात. पुढे एका व्यासाचे आणि मागे दुसऱ्या व्यासाचे टायर असतील, तर फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर, ताण येतो. म्हणून "सध्या फक्त मागे दोन एमटी टाकू" ही बचत करू नका. जुन्या मापाची स्टेपनी नव्या मोठ्या टायरसोबत ठेवली, तर गरजेच्या वेळी तीच अडचण होते.

हिशेब कसा करायचा ते उदाहरणाने दाखवतो, आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. एक टायर 11 हजारांचा, 35 हजार किलोमीटर चालणारा. दुसरा 16 हजारांचा, 60 हजार चालणारा. पाच टायर आणि बसवण्या-बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे 5 हजार धरले तर पहिल्याचा खर्च 60 हजार, किलोमीटरला 1 रुपया 71 पैसे. दुसऱ्याचा 85 हजार, किलोमीटरला 1 रुपया 42 पैसे. म्हणजे महागडा स्वस्त पडला.

पण हे रोज गाडी चालवणाऱ्याचे झाले. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर 60 हजार व्हायला दहा वर्षे लागतील आणि त्याआधीच रबर कडक होऊन तडे जातील. अशा माणसाने जास्त आयुष्याचे पैसे मोजू नयेत. त्याच्यासाठी 11 हजारांचाच टायर योग्य. "स्वस्त की टिकाऊ" याचे एकच उत्तर सगळ्यांना देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका, त्याने तुमचे वर्षाचे किलोमीटर विचारलेलेच नसतात.

बजेटमध्ये बारा व्होल्टचा हवेचा कॉम्प्रेसर आणि चांगला प्रेशर गेज धरा. ते नसतील तर हवा कमी करता येत नाही आणि हवा कमी न करता एमटी अर्धेच काम करतो.

जून 2020 पासून टायरची आयात परवान्याखाली आली, त्यामुळे पूर्वी सहज मिळणारे परदेशी स्वस्त एमटी आता सगळीकडे, सगळ्या मापांत मिळत नाहीत. मॅक्सिसचा बिगहॉर्न, योकोहामाचा जिओलँडर एम/टी, बीएफगुडरिचचा केएम3 ही नावे ऐकून दुकानात जाल, पण तुमच्या मापात पाच नग आहेत का, हे आधी फोनवर विचारा. खरेदी एप्रिल-मेमध्ये उरका. जूनमध्ये सगळे एकदम धावतात आणि मग उरलेल्या मापाशी तडजोड करावी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने दरपत्रक दाखवले तर कराचा दर विचारा.

टप्पा 6: दुकानात टायर हातात घेतल्यावर

1. तारीख वाचा. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. पाचही टायरची तारीख बघा. दुकानात दोन वर्षांहून जास्त पडून राहिलेला टायर मी घेत नाही, घ्यायचाच झाला तर भावात चांगली सूट मागा.

2. आयएसआय खूण शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या नव्या टायरवर ती असायला हवी, परदेशी टायरवरसुद्धा.

3. बिल जीएसटीचे घ्या आणि त्यावर टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकानदार, हे लेखी घ्या. दगडाने कापलेली साइडवॉल वॉरंटीत बसत नाही, तेव्हा "सगळे कव्हर आहे" या बोलण्यावर जाऊ नका.

जुने टायर घेणाऱ्यांसाठी वेगळा इशारा आहे. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम ब्लेडने नव्या खाचा पाडून तो "सत्तर टक्के" म्हणून विकला जातो. ओळखायची खूण अशी: प्रत्येक टायरच्या खाचांमध्ये झिजेची मर्यादा दाखवणारे रबराचे छोटे उंचवटे असतात. मूळ खाचेत ते अखंड असतात. उंचवटे चिरलेले किंवा गायब असतील, खाचेच्या कडा ओबडधोबड असतील किंवा तळाशी धागा दिसत असेल, तर तो टायर हातातून खाली ठेवा. नियमाप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये आणि हे उंचवटे तीच मर्यादा दाखवतात.

एमटीची नक्षी चढवलेले रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले टायरही स्वस्तात मिळतात. शेतापुरती, कमी वेगाने फिरणारी गाडी असेल तर विचार करा. हायवेवर जाणाऱ्या गाडीला घेऊ नका. जुन्या सांगाड्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो आणि उन्हाळ्यात वेगाने चालवताना वरचे रबर सुटू शकते.

टप्पा 7: आधी एकच बसवा

पाचही टायर एकदम चढवायला सांगू नका. आधी एक टायर एका रिमवर चढवून पुढच्या डाव्या बाजूला लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मडफ्लॅप, आतले प्लास्टिक आणि चासी यांच्यापासून बोटभर जागा राहते का बघा. मग तेच चाक एखाद्या ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग पुन्हा फिरवा, कारण सपाट फरशीवर न घासणारा टायर खड्ड्यात घासतो. एकदा रिमवर चढवलेला टायर परत घ्यायला दुकानदार कुरकुर करतो, म्हणून ही अट पैसे देण्याआधी बोलून घ्या.

मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाडीत जड टायरने बिजागरीवर ताण येतो. दार उघड-बंद करून बघा. फॉर्च्युनरसारख्या, स्टेपनी खाली लटकणाऱ्या गाडीत मोठा टायर त्या जागेत मावतो का तेही याच वेळी.

सगळे ठीक असेल तर बाकीचे चढवा. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ येऊ द्या, त्याने बॅलन्सिंगला वजन कमी लागते. चाकाच्या आत प्रेशर सेन्सर असेल तर मशिनवर टायर काढण्याआधी कामगाराला सांगा, नाहीतर तो तुटतो. एका चाकाला खूपच वजन लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला लावा. शेवटी अलाइनमेंट. साधारण 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा घट्ट करून घ्या.

टप्पा 8: हवा आणि फेरबदल

पहिले काहीशे किलोमीटर हळू चालवा. नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड कमी असते. ब्रेकचे अंतर वाढलेले जाणवेल. त्याची सवय पावसाआधी कोरड्या रस्त्यावरच करा.

डांबरावर हवा किती ठेवायची, याची तपासणी खडूने होते. नक्षीवर आडवी जाड रेघ मारा आणि सपाट रस्त्यावर थोडे सरळ चालवा. रेघ फक्त मधोमध पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. पूर्ण रुंदीत सारखी पुसली गेली की त्या वेळचा थंड टायरचा आकडा लिहून ठेवा, फक्त तो कंपनीच्या किमान आकड्याच्या खाली नाही ना, हे बघा. गाडीत माणसे आणि सामान भरल्यावर पुन्हा वाढवा.

चिखलात उतरण्याआधी 20 पीएसआयपर्यंत या. फारच रुतत असेल तर 18. साध्या रिमवर 15 च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. कमी हवेवर ताशी 30 च्या आत राहा आणि डांबर लागताच हवा भरा. कमी हवेत हायवेवर पळवलेला एमटी आतून तापून खराब होतो, बाहेरून काही दिसत नाही.

दर 5 हजार किलोमीटरला पाचही टायरची जागा बदला, स्टेपनी धरून. एमटीचे ठोकळे एका बाजूने करवतीसारखे झिजू लागतात आणि वेळेवर जागा न बदलल्यास गाडी घोंगावू लागते. तो आवाज एकदा आला की नंतर जात नाही. जागा बदलताना खाचांत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा, साइडवॉलवर आतल्या बाजूनेही हात फिरवून काप किंवा फुगवटा चाचपा. फुगवटा सापडला तर तो टायर स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नका.